लंगडी धून

आमच्या जिल्ह्यात चोरी म्हणजे विहिरीवरची मोटार, बैल, फार तर देवळातली समई. धून चोरीला गेली अशी तक्रार घेऊन मी चौकीत गेलो असतो, तर हवालदारानं मला चहा पाजून घरी पाठवलं असतं आणि मागं वळून दुसऱ्याला डोळा मारला असता. म्हणून मी गेलो नाही. पण ती गेली. माझ्या सगळ्यात जवळच्या माणसानं नेली आणि भर रस्त्यात माझ्यासमोर वाजवून दाखवली. तेव्हापासून कुणी लग्नाचं आवतन घेऊन आलं की मी आधी विचारतो, बँड कुणाचा आहे. लोकांना वाटतं, कलाकार माणूस, म्हणून विचारतोय.

आमचं कापडाचं दुकान अंबाजोगाईच्या बाजारात. वडील कपाळावर भस्माचे पट्टे ओढून सकाळी गादीवर बसायचे ते दुपारी जेवायलाच उठायचे. वरच्या माडीवर एका बाजूला तागे रचलेले असायचे आणि दुसऱ्या बाजूची खोली मेडिकल कॉलेजच्या विद्यार्थ्यांना भाड्यानं दिलेली असायची. एका वर्षी तिथं गोव्याकडचा एकजण राहायला आला. त्याच्याकडं पुस्तकं कमी आणि कॅसेटी जास्त. संध्याकाळी तो गिटार घेऊन बसायचा आणि जे वाजवायचा त्याला ना मुखडा ना अंतरा. मी जिन्यात उभा राहून ऐकायचो. एकदा त्यानं मला आत बसवलं आणि समजावलं की याला जॅझ म्हणतात. आधी सगळ्यांना ठाऊक असलेलं गाणं सरळ वाजवायचं, मग ते सोडून आपल्या मनाच्या रस्त्यानं जायचं, पण सोबतच्यांचं ऐकत ऐकत, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून घरी यायचं. मी म्हणालो, हे तर आमचे हलगीवाले जत्रेत करतातच की. मला वाटलं तो हसेल. तो म्हणाला, मग तू त्यांच्यासोबत वाजव.

डॉक्टर होऊन तो परदेशी गेला तेव्हा गिटार माझ्या हवाली करून गेला. मला त्या गिटारीत एकच गोष्ट खुपायची. तिच्या दांड्यावर ज्या आडव्या पितळी पट्ट्या असतात, त्यांच्यामुळं सूर पायऱ्या उतरल्यासारखा उड्या मारत जातो. सनईसारखा घसरत नाही. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, मी पक्कड घेतली आणि सगळ्या पट्ट्या उपटून काढल्या. खाचांत सरस आणि लाकडाचा भुसा भरला, वरून काचकागद मारला.

आमच्या ओट्यावर शिलाई मशीन टाकून एक शिंपी बसायचे. कापड आमच्याकडं घ्यायचं आणि तिथंच शिवायला टाकायचं, अशी सोय होती. त्यांचा मुलगा माझ्या वयाचा, माझ्यासोबत शाळेत मार खाल्लेला. तो एका बँड पार्टीत क्लॅरिनेट वाजवायचा. पट्ट्या उपटताना त्यानं मला बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"कावून बे, चांगल्या वस्तूचं वाटोळं करायलास?"

मी तारेवर बोट ठेवून वरून खालपर्यंत ओढलं. आवाज असा निघाला की ओट्यावरचं मशीन थांबलं. तो घरी पळाला, क्लॅरिनेट घेऊन आला आणि त्या घसरत्या सुरामागं आपला सूर घसरवत राहिला. वडील गादीवरून ओरडले की कापड मापायला बसवलं तर हा तारा मापत बसलाय. आमचा बँड निघाला तो असा.

तिसरा माणूस हलगीचा. सिरसाळ्याच्या रस्त्यावरच्या एका गावातले, वयानं आमच्या वडिलांच्या जवळपासचे. आम्ही त्यांना मामा म्हणायचो आणि ते मला मास्तर. मामांची अडचण एवढीच की दिवाळी झाली की ते घरच्यांना घेऊन ऊसतोडीला जायचे ते उन्हाळा लागल्यावरच परतायचे. थंडीचे महिने आमचा बँड अर्धवट असायचा. पण आमच्या भागात निम्मी लग्नंच टोळ्या परतल्यावर होतात, त्यामुळं धंद्याचं तसं काही अडायचं नाही.

हातगाड्यावर ट्रॅक्टरची बॅटरी, तिच्यावर अँप्लिफायर आणि एक भोंगा, मागं मी गिटार गळ्यात अडकवून. पहिल्या लग्नात एका म्हाताऱ्यानं मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "मास्तर, तुमची पेटी बिगाडली वाटतं, रडायलीय." गणपतीत एका मंडळानं आरतीच्या आधीच बंद करायला लावलं. पण हळूहळू लोकांचे कान बसले. कारखान्याचा गळीत हंगाम सुरू व्हायचा तेव्हा पूजेला आमचं बोलावणं यायचं. धारूर-केजकडचे लोक 'बिनपट्टीवाले' म्हणून विचारत यायचे. त्या दिवसांत चौकाचौकात एसटीडीचे बूथ निघाले होते, घरांवर टीव्हीच्या डिशच्या छत्र्या उगवल्या होत्या, सगळ्यांना वाटत होतं की आता बाहेरचं जग आपल्याकडं यायला निघालंय. मला उलटं वाटायचं. मला वाटायचं की माझ्याकडं एक गोष्ट आहे जी इथून बाहेर जाईल.

ती गोष्ट म्हणजे लंगडी.

वडिलांची कापड फाडायची एक रीत होती. लांब कापड ते कात्रीनं पूर्ण कापत नसत. काठाला कात्रीची एक खूण मारायची, दोन्ही बाजूंनी कापड घट्ट धरायचं आणि थांबायचं. थांबून गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बघायचं. कारण एकदा फाडलं की परत घेत नाही. गिऱ्हाईक मान हलवेपर्यंत हात तसेच. मग टर्रकन शेवटपर्यंत. कुणी बाई लगेच मान हलवायची, कुणी नवऱ्याकडं बघायची, कुणी म्हणायची थांबा, अजून एकदा बघू द्या. लहानपणापासून तो थांबण्याचा क्षण माझ्या कानात बसला होता. त्याला आवाज नव्हता, पण मला तो ऐकू यायचा.

त्यातून ती धून आली. सात मात्रांची चाल, मग सगळ्यांनी एकदम थांबायचं, आणि मग गिटार वरून खालपर्यंत घसरायची, कापड फाटल्यासारखी. गंमत सगळी थांबण्यात होती. किती थांबायचं हे ठरलेलं नव्हतं. आम्ही तिघं एकमेकांच्या तोंडाकडं बघायचो, आणि तिघांनाही ज्या घडीला वाटेल त्या घडीला मामांची हलगी कडाडायची. कधी एक श्वास, कधी दोन. एकदा तर इतके थांबलो की खालून वडिलांनी विचारलं, "झोपलात का रे?" या थांबण्यापायी तिच्यावर चालता यायचं नाही, पाय अडखळायचा. म्हणून मामांनी तिला लंगडी नाव दिलं.

मी कितीतरी वर्षं वाजवलं, पण माझं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं. बाकी सगळी दुसऱ्यांची गाणी, माझ्या हातानं वाकवलेली. लंगडी मला वरातीत घालवायची नव्हती. ती बसून ऐकायची होती. कॉलेजच्या सभागृहात एक कार्यक्रम करायचा, तिथं पहिल्यांदा वाजवायची आणि मग छत्रपती संभाजीनगर, तेव्हाचं औरंगाबाद, तिथं जाऊन तिची कॅसेट काढायची, असा माझा बेत होता. तोवर टेपसुद्धा करायची नाही. त्या काळी एक कॅसेट बाहेर पडली की आठवड्यात तिच्या नकला पानटपरीवर मिळायच्या. मला वाटायचं, डोक्यात आहे तोवर ती सुरक्षित आहे.

एक दिवस क्लॅरिनेटवाला मित्र म्हणाला, असं तोंडी नको, आपण बेलभंडार उचलू. बेलाचं पान आणि भंडारा हातात घेऊन घेतलेली शपथ आमच्याकडं कुणी हसण्यावारी नेत नाही. मी म्हणालो, अरे, एवढं काय. तोच हट्टाला पेटला. आम्ही तिघांनी माडीवर देवाच्या फोटोसमोर बेलभंडार उचलला की ठरलेल्या दिवसाआधी लंगडी कुठंही वाजवायची नाही. हे मी मुद्दाम सांगतोय. शपथ त्यानं सुचवली होती.

मग कीबोर्ड आला. मित्र कुठंतरी माजलगावला बघून आला आणि त्याच्या डोळ्यात वेगळीच चमक. तिकडं धरणाचं पाणी, उसाचा पैसा, लग्नं दोन-दोन दिवस चालायची. तो मला म्हणाला, "एक बटन दाबलं की आतच हलगी, आतच ढोलकी. ऊसतोडीला जात न्हाई, बिडी मागत न्हाई."

मी म्हणालो, "ती आपल्या तोंडाकडं बघती का?"

"कोन?"

"मशीन."

तो हसला. मला वाटलं विषय संपला. भांडण झालं नाही, शब्दाला शब्द वाढला नाही. पुढच्या थंडीत, मामा तोडीला गेलेले असताना, त्याच्या वडिलांनी ओट्यावरचं शिलाई मशीन उचललं. तयार कपड्यांची दुकानं निघाली होती, शिवायला टाकणारे कमी झाले होते. घर माजलगावला हलवलं. जाताना तो माझ्या गळ्यात पडून रडला. मीही रडलो. आज आठवलं की मला माझ्या त्या रडण्याची चीड येते. त्याचं रडणं खरं होतं की खोटं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात सिरसाळ्याजवळच्या एका गावातून मुलीकडच्यांची सुपारी आली. आमच्या धंद्यात सुपारी म्हणजे खरोखरची सुपारी, विड्याच्या पानावर ठेवून हातात दिलेली. ती घेतली की जावंच लागतं. आणि घेताना समोरून कोणता बँड येणार हे विचारायचं नसतं. विचारलं तर माणूस घाबरला असं समजतात. मी विचारलं नाही.

तिकडची रीत अशी. नवरदेव आधी मारुतीच्या पारावर येऊन थांबतो. मुलीकडचे आपला बँड घेऊन त्याला आणायला जातात. दोन्ही बँड समोरासमोर आले की सामना होतो. एकानं वाजवायचं, दुसऱ्यानं उत्तर द्यायचं. नियम दोनच. समोरच्यानं वाजवलेली धून आपण वाजवायची नाही, आणि समोरच्याच्या धुनेला साथ द्यायची नाही. यातलं एक जरी केलं तरी हरला. पारावरची म्हातारी मंडळी निकाल देतात. हरलेल्यानं रस्त्याच्या कडेला व्हायचं आणि जिंकलेल्यानं पुढं राहून नवरदेवाला मांडवात न्यायचं. नंतर पंगतीला दोघं शेजारी बसतात, कुणी राग धरत नाही.

ऊन असं की हातगाड्याच्या दांड्याला हात लागत नव्हता. माझ्यासोबत मामा होते, एक ढोलवाला आणि मित्राच्या जागी घेतलेला नवा क्लॅरिनेटवाला. माजलगावकडच्या ट्रकांमधून वऱ्हाड उतरलं. त्यांच्या बँडची गाडी वळली तेव्हा कीबोर्डमागं एक तरणा माणूस उभा दिसला आणि त्याच्या पुढं, लाल कोट आणि सोनेरी झालर लावून, माझा मित्र.

मला आनंद झाला. हे खोटं वाटेल, पण झाला. मी हात वर केला. त्यानंही केला. मामा म्हणाले, "मास्तर, आपलाच मानूस हाय की!" आम्ही वाजवलं, त्यांनी वाजवलं. दोन-तीन फेऱ्या झाल्या. मी गिटारीचा सूर वडाच्या पारंब्यांपर्यंत चढवून खाली आणला तेव्हा पारावरच्या एकानं फेटा उडवला. जिंकतो असं वाटत होतं.

मग कीबोर्डवाल्यानं बटण दाबलं. धब धब धब धब, एकसारखी चाल सुरू झाली. तिच्यावर क्लॅरिनेट उठलं. ओळखीचा माणूस दुसऱ्याच्या कपड्यात समोर यावा तसं झालं, मला क्षणभर कळेचना हे काय आहे. सूर माझे. क्रम माझा. सात मात्रांच्या आठ केलेल्या, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. आणि जिथं थांबायचं तिथं तो थांबला नाही. तिथून सरळ पुढं गेला. वऱ्हाडातल्या पोरांनी हात वर केले आणि नाचायला लागली. कुणाचा पाय अडखळला नाही.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण करणार काय? उत्तरात मी लंगडी वाजवायची म्हटलं तर नियमानं हरलो, कारण ती आधी त्यानं वाजवली होती. माझीच धून मला बंद झाली. आणि हे त्याला ठाऊक होतं. नियम आम्ही सोबतच शिकलो होतो.

इतक्यात माझ्या शेजारी हलगी कडाडली. जिथं थांबायचं होतं, तिथं एक श्वास सोडून, बरोबर जागेवर. मामांनी वाजवली नव्हती, त्यांच्या हातांनी वाजवली होती. त्यांची नजर माझ्याकडं होती आणि हात तिकडं. पुढच्या फेरीला परत तसंच. मी त्यांचं मनगट धरलं तेव्हा ते दचकले.

पारावरून आवाज आला, "झालं, झालं! यांच्या हलगीनं त्यांना साथ दिली."

मी ओरडलो, "ही धून माझी हाय! म्या बसवलीय ही!"

मुलीचा काका जवळ आला, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मास्तर, हारल्यावर समदे असंच म्हनतेत. व्हा बाजूला, मुहूर्त टळायला."

आम्ही रस्त्याच्या कडेला झालो. बाभळीच्या काट्यांत हातगाडा ढकलावा लागला. तो माझ्या समोरून माझीच धून वाजवत गेला, घोडा गेला, करवल्या गेल्या, धूळ माझ्या तोंडावर बसली. केसानं गळा कापणं म्हणतात ते काय असतं, मला त्या दिवशी कळलं. सुरा लागतो तो पाठीत तरी लागतो. हा समोरून, वाजतगाजत.

पंगतीला तो माझ्या शेजारी येऊन बसला. रीतच तशी. त्यानं माझ्या पत्रावळीवर आपल्या हातानं बुंदी वाढली.

"लंगडीवर कुनी नाचंना बे," तो म्हणाला. "म्या तिला पाय दिले."

"बेलभंडार उचललाता आपन. तूच म्हनलातास."

"ती वाजवनार न्हाई म्हनून उचललाता. ही ती कुठं हाय? ती लंगडी व्हती. ही कुठं लंगडती, सांग की."

मी पत्रावळीवरून उठलो. आमच्याकडं भरल्या पानावरून उठणं वाईट समजतात. यजमान धावत आले, काय कमी पडलं विचारायला.

परतीच्या वाटेवर मामा हलगी मांडीवर पालथी घालून बसले होते. त्यांच्या गावाचा फाटा आला तेव्हा उतरले आणि म्हणाले, "मास्तर, हात ऐकला न्हाई. म्हातारा झालो."

मी म्हणालो, "मामा, तिथं खरं वाजवलं ते तुमी एकट्यानं."

ते हसले नाहीत. त्या दिवाळीनंतर ते तोडीला गेले आणि फडावरच वारले. आम्हाला कळलं ते टोळी परतल्यावर. लंगडीचा एक कान आणि दोन हात त्यांच्यासोबत गेले, पण हे मला तेव्हा उमगलं नाही. तेव्हा फक्त मामा गेल्याचं दुःख होतं.

पुढं ती धून पसरली. माजलगाव, केज, धारूर, जिथं जावं तिथं बँडवाले तीच वाजवायचे. तिला आता नाव नव्हतं, 'ती माजलगावची' म्हणायचे. पाडव्याला, मिरवणुकीला, निवडणुकीच्या प्रचाराला. माझ्या स्वतःच्या मुलीनं शाळेच्या गॅदरिंगला तिच्यावर नाच बसवला आणि मला पहिल्या रांगेत बसवून दाखवला. मी टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर बायकोनं विचारलं, तोंड कावून असं झालंय, तर म्हणालो उन्हाचा त्रास. लोक सुपारी घेऊन यायचे आणि म्हणायचे, ती वाजवणार असाल तर. मी एकदा जीव मुठीत धरून वाजवली. यजमान खूश झाले. पाठ थोपटून म्हणाले, "बरी वाजवली, पन माजलगाववाल्याची सर न्हाई."

त्यानंतर मी बँड बंद केला. गिटार माडीवर ताग्यांच्या वर टांगली. वडील गेले, दुकान माझ्याकडं आलं आणि मीही तयार शर्ट-पँटी ठेवायला लागलो. कापड फाडायची वेळ आता क्वचित यायची. गिऱ्हाईक हँगरवरून शर्ट ओढायचं, अंगाला लावून बघायचं आणि नको असलं तर दुसऱ्या दिवशी बदलून न्यायचं.

तो आला तेव्हा मी काउंटरवर होतो. केस पिकलेले, पोट सुटलेलं. ओट्यावर, जिथं त्याच्या वडिलांचं मशीन असायचं, तिथं चपला काढल्या आणि आत येऊन काउंटरच्या काचेवर विड्याचं पान ठेवलं. पानावर सुपारी.

"पोरीचं लगीन हाय," तो म्हणाला.

त्या पोरीला, ते माजलगावला जायच्या आधी, मी माडीवर ताग्यांवरून घसरगुंडी खेळवली होती. मी विचारलं, बँड तुझा आहे ना? तर म्हणाला, पाव्हण्यांनी डॉल्बी लावलाय, ट्रकभर स्पीकर. बँड आता कुणी सांगत नाही. कीबोर्ड घरात कपड्याखाली झाकून ठेवलाय.

"मग माज्याकडं कशाला आलास?"

तो काचेवर बोट फिरवत राहिला. "पाठवनीला डॉल्बी बंद ठेवनारंय. पोरगी निघताना आपली वाजव. ती माजी सरळ केलेली न्हाई. आपली, लंगडी. ती थांबती बग मदीच... पोरगी बी जरा थांबंल."

मला काय वाटलं ते नीट सांगता यायचं नाही. इतकी वर्षं मी हेच ऐकायला थांबलो होतो, की याला कळावं, त्यानं ओढून सरळ केलं ते काय होतं. आणि कळलं होतं. राग उरला होता तो तसाच होता, पण पोरीच्या पाठवणीला नाही म्हणण्याइतका मी दगड नाही. मी सुपारी उचलून मुठीत धरली. वर गेलो, गिटारीवरची धूळ झटकली, तारा पिळल्या आणि खाली त्याच्यासमोर बसलो.

पहिल्याच ओळीला बोटं आठ मात्रांवर गेली. मी थांबलो, परत सुरू केलं. परत आठ. इतक्या लग्नांत, मिरवणुकांत, गॅदरिंगमध्ये कानावर पडून पडून ती सरळच माझ्या हातात बसली होती. डोळे मिटून सात मोजले, अंगठ्यानं काउंटरवर ठोके दिले, आणि कशीबशी थांबण्याच्या जागेपर्यंत आलो. तिथं हात उचलला. आता किती थांबायचं? ते ठरायचं समोरच्याच्या तोंडावर. मामा नव्हते. हाच होता. मी डोळे उघडून त्याच्याकडं बघितलं.

तो खाली बघत होता. काचेखालच्या रुमालांच्या घड्यांकडं.

मी वाट बघितली. म्हटलं, एकदा वर बघेल. एकदा बघितलं असतं तरी मला कळलं असतं. त्याला वाटलं मी पुढचं विसरलो, म्हणून मदतीला त्यानं मान खालीच ठेवून पुढची ओळ गुणगुणायला घेतली. सरळ. न थांबता.

मी गिटार बाजूला ठेवली. मुठीतली सुपारी घामानं ओली झाली होती. ती मी परत पानावर ठेवली आणि पान त्याच्याकडं सरकवलं. घेतलेली सुपारी मी आयुष्यात कधी परत दिली नव्हती.

"रागानं देत न्हाई," मी म्हणालो. "पोरीला माजा आशीर्वाद सांग. पन वाजवू काय? ती आता माज्याकडं बी न्हाई."

तेव्हा कुठं त्यानं वर बघितलं.